चिंचोक्याचं घर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आजवर माझ्या गिरणीच्या ओसरीवर टेकू दिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सदरातले अनुभव मी वाचतो आणि बहुतेक वेळा चिडतो. कुणाला पिंपळाखाली कोणी उभं दिसलं, कुणाला बंद खोलीत पावलं ऐकू आली... अरे, मग जवळ जाऊन पाहायचं होतंस ना! मी गोंदियाचा धानाचा व्यापारी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचं धान वर काढायचं, दाताखाली फोडायचं, मगच बोलायचं — ही माझी पद्धत. सख्ख्या भावाचा मालही मी वरवर पाहून घेत नाही. तेव्हा पुढचं जे लिहितो आहे ते तळाचं धान आहे, एवढं समजून वाचा.

आणि माझ्या साडूंनी हे वाचलं तर खुशाल वाचू दे. निम्मं त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

गोंदियात मी आलो तो डोक्यावर कोंड्याची पाटी घेऊन. दारोदार कोंडा विकला, मग कणी, मग तांदूळ, आणि स्वराज्य आलं त्या वर्षी स्वतःची लहानशी भात-गिरणी टाकली. कुणाच्या बापाचं घेतलं नाही. आमचे साडू — म्हणजे माझी बायको सुशीला हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान — नागपूरला सरकारी हुद्द्यावर. १९५३ च्या शेवटी माझ्या मेहुण्याचं लग्न झालं, तेव्हा ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नैनितालला जाऊन आले होते. पंगतीत दुसरा विषय नाही. तलाव असा, डोंगर असे, मे महिन्यात रजई. सुशीला वाढत होती. तिनं सहज विचारलं, "थंडी फार असते का हो तिथं?"

साडू म्हणाले, "तुम्हांला कशाला चौकशी, सुशीलाबाई? तिथं कोंड्याला गिऱ्हाईक नाही!"

अख्खी पंगत हसली. मी भरल्या पानावरून उठलो. त्यावरून जे बोलणं झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण परतीच्या गाडीत सुशीला खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मला काही डोंगर पाहायचे नाहीत." तेरा वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. आणि आता न मागितलेलंही ती परत करत होती... मला ते लागलं. त्याच गाडीत मी ठरवलं — नैनिताल. आणि उतरायचं ते साडूंपेक्षा वरच्या घरात.

पुढचे चार महिने मी व्यापार कमी आणि पत्रव्यवहार जास्त केला. साडू ज्या घरात उतरले होते त्याच डोंगरावर, थोडं बाजूला आणि चांगलं वरच्या अंगाला एक बंगली भाड्यानं मिळते, असा शोध लागला. मालक बरेलीकडचे एक म्हातारे वकील. त्यांनी फोटो पाठवला — पुढचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, उतरतं पत्र्याचं छप्पर. घराच्या मागं काय आहे ते फोटोत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. मी विचारलं ते भाडं. सात पत्रं झाली. शेवटी मी म्हटलं, सीझनला नको, सप्टेंबरात द्या. आमच्या धंद्यात सप्टेंबर मोकळा — जुनं धान संपलेलं, नवं शेतात उभं, गिरणी थंड. वकीलसाहेबांनी उलट टपाली होकार दिला, तोही निम्म्या भाड्यात. एरवी समोरचा इतक्या लवकर कबूल झाला की मी पोतं पुन्हा उघडायला लावतो. त्या वेळी नाही लावलं. साडूंना मात्र लगेच कार्ड टाकलं — 'आपण उतरला होतात त्याहून वरच्या बंगलीत जातो आहोत.'

घरात नैनितालशिवाय बोलणं नव्हतं. सुशीलानं लोकर मागवली आणि मे महिन्याच्या उन्हात, घाम पुसत पुसत, स्वेटर विणायला घेतले. आमची कमल अकरा वर्षांची. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात नैनितालवर एक ओळ होती, ती तिला पाठ झाली.

त्याच मे महिन्यात माझ्या बोडीचं काम निघालं. नागऱ्याच्या वाटेवर माझी थोडी धानाची जमीन आहे, तिला पाणी देणारं लहानसं तळं म्हणजे ही बोडी. तिची पार — मातीचा बांध — आदल्या पावसाळ्यात फुटली होती. ती बांधायला मी डोमाजीला बोलावलं. डोमाजी कोहळी. आमच्या भागातले जुने तलाव याच लोकांच्या पूर्वजांनी बांधले. म्हातारा सत्तरीचा, काटक, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुळापासून गेलेलं — विळ्यानं, तरुणपणी. अक्षरओळख नाही. इकडे नागऱ्याची शिवरात्रीची जत्रा आणि तिकडे गोंदियाचा बाजार, यापलीकडे त्यानं जग पाहिलेलं नव्हतं.

त्याची एक रीत होती. पारीला हात लावण्याआधी तो ओल्या मातीत ती सगळी जागा सुपाएवढी उभी करायचा — उतार, खोलगट भाग, ओहोळ — आणि वरून लोट्यानं पाणी सोडून बघत बसायचा. पाणी कुठं थांबतं, कुठं पळतं. माझ्या बोडीसाठी त्यानं अशी दोन दिवस माती खेळवली. माझा जीव वर-खाली होत होता, पण पाहिलं तर बोडीचा प्रत्येक चढउतार त्यात उतरला होता. ती जमीन तो रोज तुडवत होता, तेव्हा त्यात नवल नव्हतं.

एके दुपारी सुशीला आणि कमल बैलबंडीनं डबा घेऊन आल्या. मोहाच्या झाडाच्या सावलीत मी जेवत होतो. कमल डोमाजीजवळ जाऊन बसली.

"डोमाजीबाबा, आम्ही सप्टेंबरात नैनितालला जाऊन राहिलो. तिथं डोंगरावर तलाव आहे."

"डोंगरावर तराव?" म्हातारा हसला. "पोरी, पानी खाली येते. वर जाऊन बसत नाही."

"खरंच! भूगोलात लिहिलंय."

"मंग पार कोनं बांधली?"

"कोणीच नाही. देवानं केला."

"देव कायले माती वाहील व? कोनी तरी बांधलीच असन."

सुशीला हसली. मीही हसलो. डोमाजी मात्र हातातल्या चिखलाकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्या बोडीचा नमुना पुसला आणि नव्यानं माती ओढायला घेतली.

"ए डोमाजी," मी ओरडलो, "पार तिकडं आहे! खेळणी करायची मजुरी घेऊन राहिलास काय?"

"थांबा, शेठ. हात चालून राहिला."

त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. पण हात — पन्नास वर्षं माती कालवलेले ते हात — असे फिरत होते की मी घास हातात धरून पाहत राहिलो. मधे लांबट, वाकड्या काकडीसारखा तलाव. दोन्ही बाजूंना उभे डोंगर. एका टोकाला बारीक खाच पाडून म्हणाला, "पानी इथून उतरते." मग उजव्या हाताची बोटं त्यानं एका डोंगरावर वरून खाली ओढली. दोन ओघळी शेजारी शेजारी, मग तुटक्या बोटाची कोरी जागा, मग करंगळीची तिसरी ओघळ. त्या कोऱ्या जागेवर, बरंच वर, त्यानं शेजारी पडलेला एक चिंचोका दाबून बसवला. आणि लोटा उचलला.

पाणी तिन्ही ओघळींतून सरळ तलावात गेलं. कोऱ्या जागेवरून काही वाहिलं नाही. ती जागा नुसती काळी पडत गेली... फुगत गेली. आणि मग ती सगळी माती, चिंचोक्यासकट, एकदम सरकून खाली आली.

"ह्या घरात नोको राहू, शेठ," डोमाजी म्हणाला.

"कुठल्या घरात? तुला काय माहीत माझं घर कुठं आहे?"

"मले नाही मालूम. हाताले मालूम हाय. पान्याले तीन वाटा हायेत. चौथी राहून गेली, आन घर तिथंच बसलं हाय. वाट नाही भेटली तं पानी पोटात बसते. मंग सगळं घेऊनच निंगते."

मला जो राग आला तो आजही आठवतो. चार महिन्यांची घासाघीस, साडूंना टाकलेलं कार्ड, बायकोचे स्वेटर — आणि हा चिखलात बसलेला म्हातारा सांगणार मी कुठं उतरायचं! "साडूनं पढवलं काय तुला?" असं काहीतरी अर्थहीन ओरडलो आणि लाथेनं ते सगळं उडवलं. चिखल त्याच्या धोतरावर, तोंडावर गेला. चिखलातून त्यानं तेवढा चिंचोका उचलला, धोतराला पुसला आणि सुशीलाला दिला. तिनं तो पदराच्या गाठीत बांधला. मी पाहिलं, पण अडवलं नाही. लाथ मारल्याची लाज तोवर वाटू लागली होती.

सप्टेंबरात निघालो. गोंदियाहून छोट्या लाईननं जबलपूर, तिथून लखनौ, मग काठगोदाम, आणि पुढे बस. बस थांबली ती तलावाच्या खालच्या टोकाला, जिथून तलावाचं पाणी दरीत उतरतं तिथंच. तो पाण्याचा आवाज ऐकून सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. "तलाव म्हटला की पाणी कुठून तरी उतरणारच," मी म्हणालो. तिनं काही विचारलेलं नव्हतं.

धुकं इतकं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. बंगली फोटोतल्यासारखीच होती. व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, सगळं पैसे वसूल. मागच्या खोलीत जोगासिंग नावाचा चौकीदार राहायचा. दोन दिवस पाऊस आणि धुकं. आम्ही शेगडीजवळ बसून शेंगदाणे खाल्ले. कमल विचारायची, "बाबा, डोंगर कुठं आहेत?" मी म्हणायचो, "दिलेत मालकानं, फक्त झाकून ठेवलेत." स्वेटर घातलेली सुशीला हसायची. मी मनात साडूंना लिहायच्या पत्राचा मजकूर जुळवत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. जोगासिंग म्हणाला, तलावापलीकडच्या डोंगरावर चढा, तिथून सगळं दिसतं. आम्ही तिघं चढलो. मी पुढे, दम लागलेला, चिडलेला, कारण घोडेवाल्यानं अवाच्या सवा सांगितलं म्हणून मी सगळ्यांना पायी आणलं होतं. वरच्या वळणावर झाडी संपली आणि मी मागे वळलो.

खाली तलाव होता. लांबट, वाकडा, हिरवा. एका टोकाला ती खाच. आणि समोर, उन्हात, आमचा डोंगर.

दोन ओघळी शेजारी शेजारी, माथ्यापासून पाण्यापर्यंत. मग कोरी, गर्द झाडीची जागा, बरोबर एका बोटाएवढी. मग तिसरी ओघळ, बारीक, करंगळीची.

मी अनेक मोठ्या गोष्टी पाहिल्या आहेत. पूर पाहिला आहे, जंगलाला लागलेली आग पाहिली आहे. पण असं कधी झालं नव्हतं, की इतका अफाट डोंगर समोर असावा आणि त्याच्यावर ओळखीच्या म्हाताऱ्याचा हात दिसावा. भीती नाही वाटली. खरंच सांगतो, भीती नव्हती ती. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा अंगातून जसं काही उतरतं, तसं झालं. माझ्या मागे सुशीला अगदी हळू म्हणाली, "अजी... त्याची बोटं."

तिनं पदराची गाठ सोडली, चिंचोका तळहातावर घेतला आणि तो हात समोर धरला. कोऱ्या जागेवर, बरंच वर, एक तांबूस तपकिरी छप्पर चमकत होतं. आमचं. हातातला चिंचोका आणि ते छप्पर, दोन्ही सारखीच दिसत होती.

कमल म्हणाली, "बाबा, तुम्ही लाथ मारली ना, तरी ते इथं आहेच."

उतरताना मी सारखा बोलत होतो. कोणाशी भांडत होतो कोण जाणे. फोटो, पुस्तकं, योगायोग... भाडं आगाऊ दिलेलं आहे, वकील परत करणार नाही, साडूंना काय सांगू, कोंडेवाल्याला वरचं घर झेपलं नाही असं ते नागपूरभर करतील! सुशीला सगळं ऐकत चालली होती. तलावाशी आल्यावर थांबली.

"अजी, मी आजवर काही मागितलं नाही. आता मागते. ते घर सोडा."

साडूंनी पंगतीत माझं जे घेतलं होतं ते मला त्या वरच्या घरात परत मिळणार होतं, आणि आता तीच ते सोडायला सांगत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ओलं नाक, तिनंच विणलेला जाडाभरडा स्वेटर. मी म्हटलं, "चला."

दुपारीच सामान बांधलं. जोगासिंग हसू लागला. "सेठजी, ये मकान अंग्रेज का बनाया है. पचास बरसात देख चुका. हिलेगा नहीं." मला त्याचा राग आला, आणि रागातच सुचलं की हा माणूस मागच्या खोलीत झोपतो. म्हटलं, "तू भी चल. दो-चार दिन हमारे पास रह."

"मकान कौन देखेगा?"

"मकान अपने आप को देखेगा. तेरे को क्या चाहिए? जो बोलेगा वो दूँगा."

'जो बोलेगा वो' — हे शब्द माझ्या तोंडून त्याआधी कधी निघाले नव्हते. जोगासिंगला ते माहीत नव्हतं, पण सुशीलाला होतं. ती दुसरीकडे पाहत होती.

खालच्या टोकाच्या धर्मशाळेत आम्ही एक खोली घेतली. भिंतींना ओल, खिडकीतून समोर तोच डोंगर. त्याच संध्याकाळी पाऊस परत सुरू झाला आणि थांबेचना. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आम्ही सज्ज्यात चहा घेत होतो, जोगासिंग बटाटे सोलत होता. "सेठजी, कल मैं जाता हूँ," तो म्हणत होता, तेवढ्यात गोदामातली पोत्यांची थप्पी कोसळावी तसा आवाज झाला, पण थांबला नाही.

समोर डोंगरावर झाडं उभीच्या उभी चालत खाली आली. मी हे असंच पाहिलं, असंच लिहितो. झाडं पडली नाहीत, चालत आली. आणि त्यांच्या मधून आमचं छप्पर, अख्खं, न मोडता, चिखलावरून सरकत रस्त्यापर्यंत आलं आणि मग दिसेनासं झालं. जोगासिंगच्या हातात अर्धा सोललेला बटाटा होता. तो उठला आणि आला तो सरळ सुशीलाच्या पाया पडला. ती म्हणाली, "माझ्या नका हो..." आणि मागे सरकली.

त्या पट्ट्यात तेवढं एकच घर होतं. कोणाचाही जीव गेला नाही. पाऊस निवळला तेव्हा समोरच्या डोंगरावर चार ओघळी होत्या. तीन जुन्या, आणि कोऱ्या जागेत चौथी — ताजी, लालभडक. हात पुरा झाला होता.

गोंदियाला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोडीवर गेलो. बोडी काठोकाठ भरलेली, डोमाजीनं बांधलेली पार कोरडी ठणठणीत. तो तिच्यावर बसून तंबाखू मळत होता. मी समोर बसलो — त्याच्यासमोर मी जमिनीवर पहिल्यांदाच बसलो — आणि सगळं सांगितलं. लाथेबद्दलही बोललो, जसं जमलं तसं.

"कोनी मेलं काय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"चांगलं झालं. आता बांधा म्हना तिथं घर. पान्याले वाट झाली."

"डोमाजी, तुला काय पाहिजे? माग."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "त्या तरावाची पार कोनं बांधली, विचारून आले काय, शेठ?"

मी विचारलं नव्हतं. सात पत्रं लिहून भाडं पाडणारा मी, हे एक विचारायचं राहिलं होतं. तो माझ्याकडे अशा निराशेनं पाहू लागला की मला वाटलं, हा एकदा तरी माझ्यावर ओरडेल. नाही ओरडला.

पुढे मी या गोष्टीच्या तळाला हात घालायचा प्रयत्न पुष्कळ केला. कमलचं भूगोलाचं पुस्तक तपासलं, त्यात ती एकच ओळ, चित्र नाही. वकिलाच्या फोटोत डोंगरच नव्हता, आणि तो फोटो गिरणीच्या कपाटाबाहेर कधी गेला नव्हता. डोमाजीला दुसऱ्या गावांची नावं सांगून पाहिली. त्यानं माती हातात घेतली, थोडी फिरवली आणि ठेवून दिली. "आता नाही येत," म्हणाला. दोन वर्षांमागं तो वारला.

साडू म्हणतात, पावसाळ्यात डोंगर पडतातच, त्यात काय एवढं. आणि ते उतरले होते ते घर अजून उभं आहे, हे न चुकता सांगतात. असेल उभं. त्यांना मी एकच विचारतो, त्या कोऱ्या बोटाचं काय? यावर ते पान लावायला घेतात.

चिंचोका सुशीलाच्या कुंकवाच्या डबीत आहे. मी तिला तो कधी मागितला नाही. पण पाऊस झाला की बोडीवर जातो, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ओल्या मातीवर उजवा हात वरून खाली ओढतो आणि लोट्यानं पाणी सोडतो. माझी बोटं सगळी शाबूत आहेत. चार ओघळी उमटतात, पाणी त्यातून वाहून जातं... आणि ती नुसती चार बोटं असतात.